जर्मनीत आश्रयाचा अर्ज: एजंट काय सांगतो आणि कायदा काय म्हणतो

दादा, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. भाचा सांगलीकडचा, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला, वय तेवीस. एजंटाने बारा लाख सांगितलेत. पोलंडचा व्हिसा, तिथून गाडीने जर्मनी, आणि तिथे ‘असायलम टाकायचं’, म्हणजे आश्रयाचा अर्ज करायचा. निकालाला दोन-तीन वर्षं लागतात, तोवर कामाची परवानगी, राहणं-खाणं सरकारचं, असं त्याचं म्हणणं. गावातला एक मुलगा असाच गेला आणि सध्या तिथल्या छावणीत आहे. तुम्ही विचारलंय की तिकडचे कायदे खरंच इतके कडक झालेत की या नुसत्या बातम्या, आणि आता काय करावं.

मी जर्मनीत आश्रयाच्या सुनावण्यांना बरीच वर्षं हिंदी-उर्दूची दुभाषी म्हणून बसले, आणि आता अर्जदारांना प्रक्रियेचा सल्ला देते. एजंटाचं म्हणणं दहा वर्षांपूर्वी अर्धं खरं होतं. आज त्यातलं ‘बारा लाख’ एवढंच खरं उरलंय.

आधी जे बदललेलं नाही ते सांगते, कारण सगळा घोळ तिथेच होतो. आश्रय कोणाला मिळतो याची व्याख्या आजही जवळपास तीच आहे. १९४९ च्या जर्मन राज्यघटनेत एक साधं वाक्य होतं: राजकीय छळ झालेल्यांना आश्रयाचा हक्क आहे. नाझी काळात ज्यांना कोणी दार उघडलं नाही, त्यांची आठवण त्या वाक्यामागे होती. पुढे १९९२ मध्ये एका वर्षात चार लाख अडतीस हजार अर्ज आले आणि १९९३ मध्ये घटना दुरुस्त झाली. सुरक्षित शेजारी देशातून आलेल्याला त्या कलमाचा आधार घेता येईना. जर्मनीच्या चारी बाजूंचे शेजारी सुरक्षितच मानले गेलेत, त्यामुळे जमिनीवरून येणाऱ्याला घटनेतला तो हक्क तेव्हापासून कागदावरच आहे. आज ज्यांना संरक्षण मिळतं, ते बहुतेक निर्वासितांबद्दलचा आंतरराष्ट्रीय जिनिव्हा करार आणि युरोपीय कायदा यांनुसार मिळतं. धर्म, वंश, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट समाजगट यामुळे छळ होत असेल तर निर्वासिताचा दर्जा. युद्ध, मृत्युदंड किंवा अमानुष वागणुकीचा धोका असेल तर दुय्यम संरक्षण. गरिबी, बेकारी, कर्ज यात कुठेच नाही. तेव्हाही नव्हतं.

आपल्याकडची मुलं सुनावणीला येतात तेव्हा काय होतं ते मी शेकडो वेळा पाहिलंय. गोष्ट एजंटाने पाठ करून दिलेली असते: जमिनीचा वाद, चुलतभावांची धमकी, पोलीस त्यांच्याच बाजूचे. समोरचा अधिकारी शांतपणे टाइप करतो आणि शेवटी एकच विचारतो: मग तुम्ही मुंबईला, हैदराबादला, दुसऱ्या राज्यात का गेला नाहीत? याला उत्तर नसतं. एवढ्या मोठ्या देशात माणूस दुसरीकडे जाऊन राहू शकतो, हे एक कारण बहुतेक अर्ज फेटाळायला पुरतं. एकदा तर एकाच दिवशी तीन मुलांनी तीच गोष्ट सांगितली, चुलतभावाच्या हातातल्या कोयत्यासकट. भारतीयांचे मंजूर होणारे अर्ज शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतात. त्याच खोलीत पाकिस्तानातला अहमदी, म्हणजे तिथे धर्मावरून छळ सोसणाऱ्या अल्पसंख्य पंथाचा माणूस बसतो, जुन्या जखमेच्या खुणा दाखवतो, मशिदीवरच्या हल्ल्याचा दिवस सांगताना अडखळतो. त्याच्या गोष्टीत विसंगती असतात, तारखा चुकतात. पण ती पाठ केलेली नसते, आणि अनुभवी अधिकाऱ्याला ते कळतं.

म्हणजे व्याख्या तीच. बदललंय ते त्या खोलीपर्यंत पोहोचणं, आणि पोहोचल्यावर तिथलं जगणं.

पोहोचण्यापासून सुरू करते, कारण एजंटाची योजना तिथेच कोसळते. युरोपात डब्लिन नावाचा नियम फार जुना आहे: ज्या देशाने व्हिसा दिला किंवा जिथे बोटांचे ठसे आधी घेतले गेले, अर्ज तपासायची जबाबदारी त्या देशाची. भाच्याच्या पासपोर्टवर पोलंडचा व्हिसा असेल तर जर्मनी त्याचं म्हणणं ऐकून घेण्याआधीच संगणकावर पोलंडचं नाव येतं. मग ‘तुमचा अर्ज इथे ग्राह्य नाही’ असं पत्र आणि पोलंडला परत पाठवण्याची तयारी. पूर्वी यात महिनोन् महिने जायचे, परत पाठवण्याची सहा महिन्यांची मुदत उलटली की जबाबदारी जर्मनीवर यायची, आणि एजंट त्यावरच धंदा करायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये झालेल्या बदलानंतर, ज्याची जबाबदारी दुसऱ्या देशाने मान्य केली आहे अशा माणसाची मदत दोन आठवड्यांत थांबवता येते. दोन आठवड्यांनंतर छप्पर नाही, जेवण नाही. बऱ्याच न्यायालयांनी यावर शंका घेतल्या आहेत, तरी हे कलम कायद्यात आहे. आणि पोलंडकडून काही आशा असेल तर तीही सोडा. मार्च २०२५ पासून पोलंडने बेलारूस सीमेवरून येणाऱ्यांचे आश्रयाचे अर्ज घेणंच स्थगित केलंय, त्यांचाही सूर बदललाय.

दुसरी गोष्ट सीमेवरची. शेंगेन म्हणजे युरोपातल्या देशांमध्ये सीमेवर तपासणी नाही, गाडीत बसलं की झालं, हा समज आता जुना झाला. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीच्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू आहे. ७ मे २०२५ ला, नवं सरकार आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, गृहमंत्री अलेक्झांडर डोब्रिंट यांनी आदेश काढला की आश्रय मागणाऱ्यालाही सीमेवरून परत फिरवता येईल. लहान मुलं, गरोदर बायका, आजारी माणसं यांना वगळून. दोनच दिवसांनी फ्रांकफुर्ट आन डेर ओडर या पोलंडच्या सीमेवरच्या स्टेशनात तीन सोमाली लोकांना गाडीतून उतरवून पोलंडला परत पाठवलं. २ जूनला बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने सांगितलं की हे बेकायदा आहे: जर्मन भूमीवर आश्रय मागितला की डब्लिनची प्रक्रिया करावीच लागते, ‘आणीबाणी’ म्हणून ती टाळता येत नाही. मंत्रिमहोदयांनी काय केलं? हा निकाल त्या तिघांपुरता आहे म्हणाले आणि आदेश चालू ठेवला. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. कायदा कडक करायचा असेल तर संसदेत करा, हरकत नाही. न्यायालयाचा निकाल ‘त्या तिघांपुरता’ म्हणणं ही वेगळी वाट आहे.

आता भारताचा थेट संबंध. ‘सुरक्षित मूळ देश’ अशी एक यादी असते. त्या यादीतल्या देशातून आलेल्याचा अर्ज मुळातच निराधार धरला जातो, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी त्याच्यावर येते. जर्मन यादीत घाना आणि सेनेगल जुने, मग २०१४-१५ मध्ये बाल्कनमधले, म्हणजे सर्बिया-अल्बानियासारखे आग्नेय युरोपातले देश आले, डिसेंबर २०२३ मध्ये जॉर्जिया आणि मोल्दोव्हा. प्रत्येक वेळी राज्यांच्या सभागृहाची संमती लागायची आणि तिथे गाडी अडायची. २०२५ च्या सत्ताधारी आघाडीच्या करारात लिहिलंय की पुढचे देश अल्जीरिया, भारत, मोरोक्को आणि ट्युनिशिया. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने कायदाच असा बदलला की सरकारला हे देश आदेशाने ठरवता यावेत, राज्यांच्या सभागृहाकडे न जाता. फक्त घटनेतल्या आश्रयाच्या हक्कापुरती ती संमती अजून लागते, पण तो हक्क तसाही कागदावरच आहे हे वर सांगितलंच. त्याच कायद्यात हद्दपारीसाठी कोठडीत ठेवलेल्यांना न्यायालयाने आपोआप वकील देण्याची सोयही गेली. ती सोय आदल्याच वर्षी आली होती.

युरोपीय संघाची स्वतःची यादीही आली आहे: बांगलादेश, कोलंबिया, इजिप्त, कोसोवो, भारत, मोरोक्को, ट्युनिशिया. म्हणजे जर्मनी नाही तर फ्रान्स, फ्रान्स नाही तर इटली, हा एजंटाचा पुढचा डावही फार उपयोगाचा नाही.

यादीत देश आला की प्रत्यक्षात काय होतं? अर्ज ‘उघडउघड निराधार’ म्हणून फेटाळला जातो. साध्या नकारावर अपिलाला दोन आठवडे मिळतात, इथे एकच आठवडा. अपील केलं तरी हद्दपारी आपोआप थांबत नाही. त्यासाठी त्याच आठवड्यात तातडीचा वेगळा अर्ज न्यायालयात द्यावा लागतो. प्रक्रिया संपेपर्यंत मुक्काम स्वागत केंद्रात, म्हणजे छावणीतच. जर्मन कायद्यात सुरक्षित देशातल्या अर्जदाराला कामाची परवानगीही नसते. एजंटाच्या गणितातला कणा हाच होता ना, ‘दोन वर्षं काम करून पैसे फेडशील’? तो कणाच काढून घेतलाय.

यात एक बारीक गोष्ट आहे आणि ती मला सांगितलीच पाहिजे. सुरक्षित देश म्हणजे सगळ्यांसाठी सुरक्षित देश नव्हे. आंतरजातीय लग्न करून पळालेलं जोडपं, एखादा पत्रकार, घरच्यांकडून जिवाला धोका असलेली तरुणी, अशी खरी प्रकरणंही कधीतरी माझ्यासमोर आली आहेत. त्यांच्यासाठी दार कायद्याने बंद नाही, पण पुरावा गोळा करायला वेळ एका आठवड्याचा. शंभर पाठ केलेल्या गोष्टींची किंमत त्या एका खऱ्या माणसाला मोजावी लागते.

छावणीतल्या जगण्याबद्दल थोडक्यात. २०२५ मध्ये एकट्या प्रौढाला महिन्याला जास्तीत जास्त ४४१ युरो इतकी मदत धरलेली होती, आणि केंद्रात जेवण-राहणं मिळत असेल तर त्यातला मोठा भाग वस्तूरूपाने. वर्षभर आधी हाच आकडा ४६० होता. महागाई वाढते तशी मदत वाढते असं कोणी सांगितलं तर हे लक्षात ठेवा. पूर्वी अठरा महिन्यांनंतर मदत नेहमीच्या सामाजिक मदतीच्या पातळीवर यायची, फेब्रुवारी २०२४ पासून ती मुदत छत्तीस महिने झाली. त्याच वर्षी ‘बेत्सालकार्ट’ आलं, म्हणजे पैसे भरलेलं कार्ड. बहुतेक राज्यांत त्यातून महिन्याला रोख ५० युरोच काढता येतात. गावी पैसे पाठवता येऊ नयेत हा हेतू. काही शहरांत स्थानिक लोकांनी यावर मार्ग काढलाय: निर्वासित कार्डावर सुपरमार्केटची व्हाउचर घेतात आणि हे लोक ती रोखीने विकत घेतात. सरकारला ते आवडत नाही, पण आजीबाई रांगेत उभ्या राहून व्हाउचर बदलून देतात.

हे सगळं कडक आहे, पण यातलं बरंचसं समजण्यासारखं आहे असं मी मान्य करते. ज्याबद्दल मला रात्री झोप लागत नाही ते वेगळं आहे. २४ जुलै २०२५ पासून दुय्यम संरक्षण मिळालेल्यांना कुटुंब बोलावण्याचा हक्क दोन वर्षं स्थगित झालाय. यात मुख्यतः सीरियातले लोक येतात. हे पहिल्यांदा घडत नाही. मार्च २०१६ मध्ये असंच थांबवलं होतं, मग ऑगस्ट २०१८ पासून महिन्याला एक हजार व्हिसा अशी मर्यादा घालून परत सुरू केलं. वर्षाला बारा हजार माणसं म्हणजे बायको, लहान मुलं आणि एकट्या आलेल्या मुलांचे आईबाप. तेही आता बंद, अगदी अपवादात्मक हालाखीची प्रकरणं सोडून.

सल्ल्याला आलेला एक मुलगा सांगते. वय सोळा, चुलत्याबरोबर निघालेला, वाटेत एकटा पडलेला. दुय्यम संरक्षण मिळालं. आईबाप तुर्कस्तानात. नियम असा आहे की व्हिसा देण्याच्या निर्णयाच्या वेळी मुलगा अल्पवयीन असायला हवा. सोळा अधिक दोन म्हणजे अठरा. स्थगिती उठेल तेव्हा तो कायद्याने मोठा झालेला असेल आणि आईबापांना बोलावण्याचा हक्क त्याला उरणार नाही. कायद्यात ‘दोन वर्षं स्थगित’ असं लिहिलंय, त्याच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘कायमचं नाही’. त्याने दुभाष्याकडून दोनदा विचारून घेतलं, बरोबर समजलं का म्हणून. मग बोटांवर मोजून पाहिलं.

हे सगळं झालं कशामुळे, असं तुमच्या मनात येईल. ऑगस्ट २०२४ मध्ये झोलिंगेन शहरात उत्सवात चाकूहल्ला झाला, तीन माणसं गेली. हल्लेखोर सीरियन, ज्याला आधीच बल्गेरियाला परत पाठवायचं होतं आणि पाठवलं गेलं नव्हतं. जानेवारी २०२५ मध्ये आशाफेनबुर्ग इथे दोन वर्षांच्या बाळासह दोघांचा बळी गेला. महिन्याभराने निवडणूक, त्यात अति-उजव्या एएफडी पक्षाला २०.८ टक्के मतं. त्यानंतर कोणताही मोठा पक्ष सौम्य भाषा बोलणार नव्हता.

सरकार आता आकडे दाखवतं: २०२३ मध्ये पहिल्यांदा आश्रय मागणारे ३ लाख २९ हजार, २०२४ मध्ये २ लाख ३० हजारांच्या जवळ, २०२५ मध्ये साधारण १ लाख १३ हजार. आकडे खरे आहेत. पण घसरण सीमेवरच्या आदेशाच्या वर्षभर आधीच सुरू झाली होती. ८ डिसेंबर २०२४ ला सीरियाचा हुकूमशहा असद राजधानी दमास्कसमधून पळाला आणि सीरियातून निघायचं मोठं कारणच गेलं. बाल्कनच्या वाटेवरची नाकाबंदीही वाढली होती. भारतीयांपुरतं बोलायचं तर सर्बियाने १ जानेवारी २०२३ पासून आपल्याला व्हिसाविना प्रवेश बंद केला, तेव्हाच एजंटांची आवडती वाट बुजली. म्हणून तर तुमच्या एजंटाच्या तोंडी आता पोलंड आहे. गोड बोलून पैसे घेतले जातील, पुढे काहीच गोड नाही.

आणि १२ जून २०२६ पासून युरोपीय संघाचा नवा स्थलांतर करार लागू होतो. ज्या देशाच्या नागरिकांना संघभरात संरक्षण मिळण्याचं प्रमाण वीस टक्के किंवा त्याहून कमी, त्यांचे अर्ज जलद किंवा बाह्य सीमेवरच्या प्रक्रियेत टाकायचे. भारताचं प्रमाण वीसच्या कितीतरी खाली आहे. म्हणजे यादी असो नसो, भाचा जलद रांगेत.

एवढं ऐकून ‘मग जर्मनीला जायचंच नाही का’ असं विचाराल. हीच तर गंमत आहे. ज्या सरकारने आश्रयाचं दार अरुंद केलं, तेच कामगारांचं दार रुंद करतंय. भारतीय कुशल कामगारांसाठीचे व्हिसा वर्षाला वीस हजारांवरून नव्वद हजारांपर्यंत वाढवण्याचं ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालं. जून २०२४ पासून ‘चान्सेनकार्ट’ आहे, म्हणजे पात्रतेचे गुण जमले तर नोकरी शोधायला वर्षभर येता येतं. आपल्या महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तो किती संथ चाललाय हे जर्मनच्या वर्गात बसून वाट पाहणारी मुलं तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगतील, तेव्हा नुसत्या कराराच्या भरवशावर राहू नका. पण मेकॅनिकल डिप्लोमाला इथे मागणी आहे. डिप्लोमाची जर्मन मान्यता तपासायची, जर्मन भाषा बी-१ म्हणजे मधल्या पातळीपर्यंत न्यायची, हे काम वर्ष-दीड वर्षाचं आहे आणि बारा लाखांच्या कितीतरी आत होतं.

फक्त हे दोन रस्ते एकत्र करता येत नाहीत. आश्रयाची प्रक्रिया चालू असताना कामाचा निवास परवाना मिळत नाही, अगदी थोड्या अपवादांनी. २०२३ मध्ये एक खिडकी उघडली होती, की अर्ज मागे घेऊन कुशल कामगाराच्या परवान्यावर जाता येईल. पण २९ मार्च २०२३ च्या आधी आलेल्यांसाठीच. आज येणाऱ्याला ती नाही. आधी आश्रय टाकू, मग नोकरी बघू, असं करणारा मुलगा नोकरीचा रस्ता स्वतःच बंद करतो. शिवाय भारताने डिसेंबर २०२२ च्या स्थलांतर करारात आपले नागरिक परत घ्यायचं मान्य केलंय, त्यामुळे भारतीयांची कागदपत्रं करून परत पाठवणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही.

राहिला गावातला तो मुलगा, जो आधीच छावणीत आहे. त्याच्या घरच्यांना हे कळवा.

सुनावणीची तारीख चुकवू नको म्हणावं. हजर न राहिल्यास अर्ज सोडून दिला असं धरतात. एजंटाने पढवलेली गोष्ट सांगू नको. जे घडलं तेच सांगायचं, आणि काहीच घडलं नसेल तर सुनावणीआधी सल्ला केंद्रात जाऊन ते मोकळेपणाने बोलायचं. तिथला सल्ला फुकट असतो आणि आम्ही पोलिसांना कळवत नाही. पत्ता बदलला तर त्याच दिवशी कळवायचं, नाहीतर जुन्या पत्त्यावर गेलेलं पत्रही मिळालं असंच मानलं जातं.

आणि पिवळं पाकीट. नकाराचं पत्र पिवळ्या पाकिटात येतं, पोस्टमन त्यावर हाताने तारीख लिहितो, आणि मुदत त्या तारखेपासून मोजली जाते, पाकीट उघडल्यापासून नाही. किती मुलं माझ्याकडे आतलं पत्र घेऊन येतात आणि पाकीट कचऱ्यात टाकलेलं असतं. मग आठवडा कधी संपला हे सांगता येत नाही. पाकीट जपून ठेव म्हणावं, आणि ते आलं त्याच दिवशी सल्ला केंद्रात ये, जेवण नंतर कर.